मुंग्यांच्या मात्रा

शेवगाव,
४ नोव्हेंबर १९७२

ती. आजोबांस,
कृपाचा सादर सलाम.

गेला आठवडाभर मी चिंचोक्यांना भोके पाडत बसले आहे, म्हणून पत्राला उशीर झाला. तीन चिंचोके तारेत ओवले, तारेचेच पाय लावले, की एक मुंगी तयार होते. अशा दोन डझन मुंग्या टेबलावर रांगेने उभ्या आहेत. बाबा शाळेतून आले, की माझ्या खोलीच्या दारात थांबतात, मुंग्यांकडे पाहतात आणि आईला म्हणतात, "पुण्याला चित्रपट शिकायला पाठवली होती ना? ही तर खेळणी विकायला शिकून आली."

माझ्या अंतिम परीक्षेचा लघुपट मी तुमच्या 'मुंग्या' या कवितेवर करते आहे. तुम्ही शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेली ती पाच कडवी पुष्पावतीबाईंनी नव्या चालीत बसवली आणि चर्चच्या स्नेहसंमेलनात पेटीवर गाऊन दाखवली, तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे मुंग्या चालू लागल्या होत्या. या चित्रपटात माणसे नाहीत, संवाद नाहीत. मुंगी केसभर सरकवायची, कॅमेऱ्याची कळ दाबून एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर सरकवायची. अशी चोवीस चित्रे जमली, की पडद्यावर एक सेकंद सरतो. मुंगीचे पाऊल गाण्याबरोबर पडले, तरच ती जिवंत वाटते. नाहीतर चिंचोका तो चिंचोकाच.

संस्थेने कॅमेरा नाताळापर्यंत दिला आहे, आणि फिल्मचे रीळ एकच. दुसरे मिळत नाही. बाबा आपल्या काकांना नाही म्हणत नाहीत; तुम्ही त्यांच्यापुढे शब्द टाकलात म्हणून मी पुण्याला जाऊ शकले. हा लघुपट परीक्षकांनी नाकारला, तर बी.एड. करून इथल्याच शाळेत लागायचे, असे बाबांनी मला स्पष्ट सांगितले आहे.

आता काम सांगते. पुष्पावतीबाईंच्या गाण्याची ध्वनिफीत नगरला तुमच्याकडे आहे, आणि इथे ती वाजवायला यंत्र नाही. मला गाण्याच्या मात्रा हव्या आहेत. प्रत्येक ओळीच्या किती आणि प्रत्येक शब्दाच्या किती, एवढे मोजून कळवाल का? एका मात्रेला सहा चित्रे, असा हिशेब मी धरला आहे. त्यावरूनच मुंग्या चालवणार आहे. तुमच्या दिर्घ पत्राची वाट पाहते.

तुमची
कृपा

---

सावेडी, अहमदनगर,
९ नोव्हेंबर १९७२

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

तुझे पत्र पोचले. 'दीर्घ' हा शब्द तू ऱ्हस्व लिहिला आहेस. ज्या शब्दाचा अर्थच दीर्घ, त्यालाही तू दया दाखवली नाहीस. याउपर असे होऊ नये.

तुझ्या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून मला प्रकृती विचारणारे पुष्कळ भेटले; मात्रा विचारणारी तू पहिलीच. कविता पादाकुलक वृत्तात आहे. प्रत्येक चरणात सोळा मात्रा, त्यांचे आठ-आठांचे दोन भाग. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन.

मुंग्या निघती दाण्यासाठी
रांग लांबली ओढ्याकाठी
दाणा मोठा, देह चिमुकला
ढेकुळ वाटे डोंगर त्याला

'मुंग्या' चार, 'निघती' चार, 'दाण्यासाठी' आठ. 'रांग' तीन, 'लांबली' पाच, 'ओढ्याकाठी' आठ. याप्रमाणे पाचही कडव्यांतील प्रत्येक शब्द मोजून सोबतच्या कागदांवर मांडला आहे. मोजणी तीनदा पडताळली आहे.

पुष्पावतीबाई रविवारी उपासनेनंतर भेटल्या. म्हणाल्या, "मास्तर, फीत एकदा ऐका तरी, मग कळवा मुलीला." मी त्यांना नम्रपणे सांगितले, की वृत्त कानाने नव्हे, नियमाने मोजायचे असते. त्यावर त्या नुसत्या हसल्या. बाईंचा गळा उत्तम आहे. पण गाताना त्या ऱ्हस्वाला दीर्घ करतात आणि दीर्घाला हवे तेवढे ओढतात, हा त्यांचा दोष मी पूर्वीही त्यांच्या नजरेस आणून दिला आहे. तू त्यात पडू नकोस. तू माझ्या कागदांप्रमाणे चाल.

गिदोनला आशीर्वाद सांग. खेळणी विकणे हाही प्रामाणिक धंदाच आहे, असे त्याला माझ्या वतीने कळव.

तुझा
आजोबा

---

शेवगाव,
३ डिसेंबर १९७२

ती. आजोबांस,
कृपाचा सादर सलाम.

'दीर्घ' हा शब्द आता मरेपर्यंत चुकणार नाही.

तुमचे कागद भिंतीवर चिकटवले आहेत आणि त्यांच्याबरहुकूम काम चालू आहे. सोळा मात्रा म्हणजे केहरवा या आठ मात्रांच्या तालाची नेमकी दोन आवर्तने, हे लक्षात आले आणि मी निश्चिंत झाले. खिडकीला घोंगडी लावून खोलीत अंधार केला आहे. दोन मोठे दिवे लावते. गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली, की दिवे मंदावतात आणि चित्र काळवंडते. म्हणून गिरणी बंद असेल तेव्हाच कळ दाबायची. यंदा दळायलाच फारसे कोणाकडे नाही, त्यामुळे गिरणी दुपारभर गप्प असते. माझ्या कामाला ते सोयीचे आहे, हे लिहिताना लाज वाटते.

शेजारच्या मुक्ताबाई काल खोलीत डोकावल्या. त्या खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावरून आल्या होत्या. डोक्यावरची पाटीही उतरवली नव्हती.

"काय गं कृपे, ही काय सोंगं मांडलीस?"

"मुंग्या आहेत, मावशी. दाणा घेऊन वारुळाकडे निघाल्यात."

"आन् दाना खरा हाय व्हय?"

"खराच. मक्याचा."

"लई भारी! खऱ्या मुंग्यांनी उपाशी ऱ्हायचं, आन् चिंचुक्यांच्या म्होरं मक्याचा दाना. दुस्काळ तुज्या टेबलावर चढलाच न्हाई म्हनायचा."

आज सकाळी पाहते तो खऱ्या मुंग्यांनी टेबलावर येऊन तो दाणा पोखरायला घेतलेला! दोन-तीन चित्रांत त्या उमटल्याही असतील. मी घाबरून मुक्ताबाईंनाच हाक मारली. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "तुजा शिनेमा त्यांना कळला बग. हळदीची रेघ वढ टेबलाच्या कडंनं, न्हाई यायच्या." त्यांनी स्वतःच्या घरून चिमूटभर हळद आणून दिली. आता काम निर्विघ्न चालू आहे. चौथे कडवे संपत आले.

तुमची
कृपा

---

सावेडी, अहमदनगर,
८ डिसेंबर १९७२

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

पत्र वाचून फार समाधान वाटले. मुक्ताबाईंचे बोलणे तू जसेच्या तसे उतरवले आहेस. 'दाना' नव्हे, 'दाणा'. 'दुस्काळ' नव्हे, 'दुष्काळ'. तथापि ते संभाषण मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा अशुद्धे शोधण्यासाठी वाचले नाही.

ध्वनिफीत पुण्यास जाणाऱ्या एका विश्वासू गृहस्थांबरोबर तुझ्या संस्थेत पोचती करीत आहे. आयुष्यभर मी मुलांना मात्रा मोजायला शिकवले. त्या मोजून कोणी मुंग्या चालवील, असे कधी मनात आले नव्हते. नाताळास शेवगावी येणार होतो, पण कवळीचे काम निघाले आहे. दंतवैद्य म्हणतात, नव्या दातांची सवय व्हायला महिना लागेल.

तुझा
आजोबा

---

पुणे,
१८ जानेवारी १९७३

ती. आजोबांस,
सादर सलाम.

रीळ मुंबईहून धुऊन आले. काल संस्थेत ते आपण पाठवलेल्या ध्वनिफितीबरोबर चालवून पाहिले.

पहिली ओळ पुष्पावतीबाई दोनदा गातात. आपल्या कागदावर ती एकदाच आहे. 'लांबली' या शब्दावर थांबून त्या तान घेतात, तोवर माझ्या मुंग्या ढेकळावर चढलेल्या असतात. कडव्यांच्या मधे पेटी वाजते. तेवढ्यात मुंग्या आणखी एक कडवे पार करतात. गाण्याचे दुसरे कडवे संपते, तेव्हा त्या दाण्यासकट वारुळात शिरलेल्या असतात. पुढे पडदा काळा, आणि गाणे चालूच. माझे वर्गमित्र हसले. चित्रपट दुसऱ्या कोणाचा असता, तर मीही हसले असते.

मी गाण्याच्या मात्रा विचारल्या होत्या, म्हणजे तालाच्या. आपण कवितेच्या पाठवल्यात. कॅमेरा परत गेला आहे आणि रीळ संपले आहे. लघुपट फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. बाबांना अजून काही कळवलेले नाही.

आपली
कृपा गिदोन साळवे

---

सावेडी, अहमदनगर,
२३ जानेवारी १९७३

चि. कृपा हिस,
आशीर्वाद.

'आपण' या सर्वनामाचे जे अर्थ व्याकरणात दिले आहेत, त्यांत राग हा अर्थ नाही. तुझ्या पत्रात मला तोच दिसला.

तुझ्या आरोपाबद्दल लिहितो. 'मात्रा' या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. अक्षरावरील रेघ ही मात्रा, वैद्याची पूड ही मात्रा, उच्चारास लागणारा काळ ही मात्रा आणि तालाचा अंश हीही मात्रा. यांपैकी कोणती हवी, हे स्पष्ट करणे प्रश्न विचारणाऱ्याचे कर्तव्य असते. 'गाण्याच्या मात्रा' हा शब्दप्रयोग संदिग्ध आहे. शिवाय 'प्रत्येक शब्दाच्या किती' असे तू स्वतःच विचारले होतेस. माझ्या मोजणीत एकही चूक नाही. कोणाही जाणकारास दाखवावी.

प्रभुदास साळवे

---

सावेडी, अहमदनगर,
७ फेब्रुवारी १९७३

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

माझ्या पत्रास तुझे उत्तर आले नाही. येऊ नये असेच ते पत्र होते.

फीत तुझ्याकडे असल्यामुळे मी काल पुष्पावतीबाईंच्या घरी गेलो आणि 'मुंग्या' गाऊन दाखवण्याची विनंती केली. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले. त्यांनी पेटी काढली. मी बोटांवर मोजायला बसलो. 'लांबली' हा शब्द पाच मात्रांचा. बाईंनी 'लां'वर सूर धरला आणि माझ्या दोन्ही हातांची बोटे संपली, तरी त्या 'ब'पर्यंत पोचल्या नव्हत्या.

मी त्यांना थांबवले. म्हणालो, "बाई, हे अक्षर दोन मात्रांचे आहे."

"असेल."

"मग तुम्ही ते इतके ओढता कशाच्या आधारावर?"

"मास्तर," त्या भाता हलवतच म्हणाल्या, "रांग लांबली म्हणायचं आणि ती लांबवायची नाही, हे कोणत्या व्याकरणात बसतं?"

उत्तर शोधताना मी पुन्हा ती ओळच आठवत होतो, आणि ती त्यांच्या चालीत आठवत होती.

प्रश्न संदिग्ध होता, हे मी अजूनही म्हणतो. परंतु संदिग्ध प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी दोन शब्दांत खुलासा विचारता येतो, फीत ऐकता येते, आणि मला तसे सांगणारी व्यक्ती समोर उभी होती. मी यांपैकी काही केले नाही. चूक माझी आहे. गिदोनला मी तसे लिहितो. माझ्या चुकीमुळे तू नापास ठरावीस आणि शिक्षा म्हणून शिक्षिका व्हावीस, हे योग्य नव्हे. शिक्षकाचे काम शिक्षा म्हणून करू नये, हे मी त्याला अधिकाराने सांगू शकतो. तो कितपत ऐकेल, हे तू जाणतेसच.

याहून उपयोगी असे मला काही करता येत असेल, तर कळव.

तुझा
आजोबा

---

पुणे,
११ फेब्रुवारी १९७३

ती. आजोबांस,
कृपाचा सादर सलाम.

बाबांना पत्र लिहू नका. निदान हे वाचेपर्यंत तरी लिहू नका.

आमच्या सरांनी सुचवले, की गाणे सोडून दे आणि सतारीची एखादी तयार गत खाली जोड. म्हणून मी आवाज बंद ठेवून रीळ पुन्हा पुन्हा पाहू लागले. पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आले, की माझे ओठ हलताहेत. मी कविता म्हणत होते. पण बाईंच्या चालीत नव्हे, तुमच्या. तुमच्या ओसरीवर बसवून, पट्टीने फरशीवर ठेका धरत तुम्ही आम्हा पोरांकडून ती घोकून घेत होता ना, त्या चालीत. आणि आजोबा, पाऊल अन् पाऊल जुळत होते! 'मुंग्या' म्हटले, की पहिली मुंगी निघते. 'ढेकुळ' म्हटले, की ती चढू लागते. मी मुंग्यांना गायला लावत होते, म्हणून चुकत होते. त्या गात नाहीत, त्या कविता म्हणतात. तुमच्या वर्गात बसून शिकल्यासारख्या म्हणतात.

मी स्वतः म्हणून ध्वनिमुद्रण करून पाहिले. तिसऱ्या कडव्यापर्यंत मी मुंग्यांच्या दोन ढेकळे पुढे गेले. एका मैत्रिणीला शिकवले. ती मागे रेंगाळली. एकही मात्रा इकडची तिकडे न करता पाच कडवी सलग म्हणणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. चोवीस तारखेला संस्थेचा ध्वनिमुद्रण कक्ष मिळाला आहे. तुम्ही याल का?

तुमची
कृपा

---

सावेडी, अहमदनगर,
१५ फेब्रुवारी १९७३

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

तुझ्या विनंतीस माझ्या तीन हरकती आहेत.

पहिली अशी, की मला चर्चच्या गायकवृंदातून तरुणपणीच काढून टाकले होते. पाळकसाहेब म्हणाले होते, "साळवे, देव तुमचे मन ऐकतो, पण मंडळी तुमचा आवाज ऐकते." दुसरी हरकत नव्या कवळीची. 'स' म्हटला, की तिच्यातून बारीक शीळ निघते. 'दाण्यासाठी' हा शब्द पहिल्याच ओळीत आहे.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर होती. ज्यांनी गाणे दिले, त्यांचेच गाणे काढून तिथे मी उभे राहायचे, हे त्यांना विचारल्याशिवाय करणे असभ्यपणाचे झाले असते. म्हणून पुन्हा पुष्पावतीबाईंकडे गेलो आणि सर्व सांगितले. बाई पेटीवर हात ठेवून बसल्या. त्यांना वाईट वाटले होते, मी पाहिले. नंतर म्हणाल्या, "म्हणजे मास्तर, तुम्ही गाणार?"

"गाणार नाही. म्हणणार."

"मग ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी कापूस तुम्ही नेणार, की संस्था देणार?"

मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी मला बसवले. "सुराशिवाय उभे राहिलात, तर पहिल्या ओळीलाच तुमचा आवाज चुलीत जाईल. पेटी मी घेऊन येते. मी ओढणार नाही. पण तुम्हीही मला ढकलायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटले. पहिल्या दोन हरकती तशाच शिल्लक आहेत. तेवीस तारखेच्या सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे निघत आहोत. बाईंना खिडकीजवळची जागा लागते.

तुझा
आजोबा

---

पुणे,
२२ मार्च १९७३

ती. आजोबांस,
कृपाचा सादर सलाम.

निकाल लागला. लघुपट उत्तीर्ण झाला!

तुम्ही दोघे त्या दिवशी लगेच परतलात, म्हणून मागाहून घडलेले सांगते. तुमची शीळ ऐकून ध्वनिमुद्रकाने मला बाजूला घेतले आणि विचारले, "ती मुंगीची शीळ वेगळी घेतली का? झकास बसली आहे." मी त्याला खरे सांगितले नाही. परीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी चौथे कडवे पुन्हा लावायला सांगितले. तिथे मुंगी ढेकळाच्या माथ्यावर जराशी जास्त थांबते. ती माझी चूक होती; मोजताना काही चित्रे अधिक घेतली गेली होती. तुम्ही पहिल्या दोन प्रयत्नांत तिथे न थांबता पुढे गेलात आणि मुंगी मागे राहिली. तिसऱ्या वेळी तुम्ही पडद्याकडे पाहिलेत, तिच्यासाठी थांबलात, आणि पुष्पावतीबाईंच्या पेटीनेही श्वास धरला. परीक्षक बाई म्हणाल्या, "हा चित्रपट मला इथे आवडला." मला वाटते, तुम्ही आयुष्यात प्रथमच वृत्त मोडलेत.

आता अडचण ऐका. मुंबईत जिथे अशी चालती चित्रे तयार करतात, त्या सरकारी विभागाने मला उमेदवारीवर बोलावले आहे. मेच्या आरंभी रुजू व्हायचे आहे. राहायला मुलींचे वसतिगृह आहे. बाबा परीक्षेच्या खेळाला आले होते. लघुपट पाहून झाला, दिवे लागले, मी त्यांच्याकडे गेले, तर ते उठून म्हणाले, "शेवगावची गाडी साडेचारला आहे." आणि निघून गेले. मुंबईबद्दल मी दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. लघुपट उत्तीर्ण झाल्यावर काय, हे त्यांनी कधी सांगितलेच नव्हते. नापास झाल्यावर काय, एवढेच ठरले होते. तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का?

तुमची
कृपा

---

सावेडी, अहमदनगर,
२ एप्रिल १९७३

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम.

प्रथम एक खुलासा. मी वृत्त मोडलेले नाही. चरणात जिथे थांबायचे, त्या जागेला यती म्हणतात, आणि यतीला छंदःशास्त्रात मान्यता आहे. ती त्या ठिकाणी नसते, एवढाच काय तो प्रश्न.

गिदोनला मी बोलावले नव्हते. तो काल आपण होऊनच आला. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या घ्यायला नगरास आलो, असे म्हणाला. हातात नळ्या नव्हत्या. चहा झाला, पाण्याच्या टँकरचे झाले, शाळेचे झाले. तुझे नाव त्याने काढले नाही. मी गिदोनला लहानपणापासून ओळखतो; त्याला विचारले, की तो मिटतो. म्हणून मीही काढले नाही. आम्ही दोघे ओसरीवर बसलो. समोरून पुष्पावतीबाई गेल्या, त्यांनी मला हाक मारून विचारले, "काय मास्तर, शीळ बसली का?" त्यावर गिदोन किंचित हसला, आणि मला वाटले, आता बोलेल.

अखेर एस.टी.ची वेळ झाली, तेव्हा तो चपला घालता घालता म्हणाला, "काका, तुम्ही तिचा सिनेमा नीट पाहिलात का?"

मी म्हटले, "पाहिला. पुण्यात चार वेळा पाहिला."

"मुंगीला पाय किती असतात?"

"सहा," मी म्हटले.

"तिने चार लावलेत. प्रत्येक मुंगीला चारच. मी सबंध वेळ तेच मोजत होतो." मग तो पायरीवर थांबला आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागला. "माझी मुलगी. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत महिनाभर मुंग्या करत होती. मी रोज दारात उभा राहत होतो, काका. टोमणे मारले, पण आत जाऊन एकदा नीट पाहिलं असतं, तर सांगितलं नसतं का?"

मी त्याला पाणी आणून दिले.

ते पिऊन म्हणाला, "मुंबईला शिकलेली माणसं असतील. जाऊ दे तिला. तिथे कोणी तरी तिला सांगेल. आणि नाही सांगितलं, तर मुंगीचं चित्र काढून मी पाठवतो. शास्त्रशुद्ध. अवयवांच्या नावांसकट."

तेव्हा तयारीला लाग. चित्र कदाचित या पत्राच्या आधीच तुला पोचेल. तो गाडीतच काढायला बसणार, असे त्याच्या एकूण घाईवरून दिसत होते.

तुझा
आजोबा